नाराला रेल्वेने जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जपानचा बेत आखताना क्योतोला चार दिवस, ओसाकाला दोन आणि नाराला "जमलं तर एक दुपार" असा हिशोब बहुतेक जण करतात. विचारणाही मग त्या एका दुपारीभोवतीच फिरते: कोणती गाडी, कोणतं स्टेशन, हरणं चावतात का. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आधी प्राथमिक आहेत, अडचणीचे शेवटी. नाराला किमान एक रात्र काढावी असं माझं ठाम मत आहे आणि ते उत्तरांमध्ये डोकावणारच.

१. क्योतोत इतकी देवळं पाहिल्यावर नाराला वेगळं काय दिसणार?

वय. इ.स. ७१० मध्ये इथे हेइजो-क्यो नावाची राजधानी वसवली गेली. चीनमधल्या चांगआन शहरासारखी तिची आखणी चौकटीची होती. ७८४ मध्ये राजधानी हलली आणि ७९४ मध्ये क्योतोत स्थिरावली. दरबार गेला, पण मोठे मठ जागेवरच राहिले. क्योतो पुढच्या लढायांत आणि आगींत इतक्या वेळा जळलं, की तिथे दिसणाऱ्या बऱ्याच इमारती त्यामानाने अलीकडच्या आहेत. नारातही आगी लागल्या, तरी आठव्या शतकातलं लाकूड आजही उभं आहे. याकुशिजीचा पूर्वेकडचा पॅगोडा ७३० सालचा आहे, तोशोदाईजीचं मुख्य सभागृहही त्याच शतकातलं.

१९९८ मध्ये युनेस्कोने नारातली आठ ठिकाणं मिळून जागतिक वारसा यादीत घेतली: तोदाईजी, कोफुकुजी, कासुगा ताईशा हे शिंतो देवस्थान, त्यामागचं कासुगायामाचं आदिम जंगल, गांगोजी, याकुशिजी, तोशोदाईजी आणि जुन्या राजवाड्याची जागा. यातली पाच एका मोठ्या उद्यानात किंवा त्याला लागून आहेत, उरलेली तीन शहराच्या पश्चिमेला (प्रश्न १५).

२. नाराला बुलेट ट्रेन जाते का?

नाही. शिंकानसेन क्योतोला किंवा शिन-ओसाकाला सोडायची आणि पुढे साध्या गाडीने जायचं. टोकियोहून येत असाल तर क्योतोलाच उतरा. नोझोमी गाडीने टोकियो ते क्योतो सव्वादोन तासांच्या आसपास लागतात, तिथून नारा पाऊण तासावर. गाडी बदलण्याचा वेळ धरून टोकियोहून सकाळी सातला निघालेला माणूस अकराच्या आत हरणांमध्ये उभा असतो. पण टोकियोहून सकाळी येऊन संध्याकाळी परत जायचा बेत कृपया करू नका. तिकिटाला आणि पायांना, दोघांनाही तो परवडत नाही.

३. नकाशावर 'नारा' आणि 'किंतेत्सु नारा' अशी दोन स्टेशनं दिसतात. कुठे उतरायचं?

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. लोक गाडी आधी निवडतात आणि स्टेशन पदरात पडेल ते घेतात. उलट करा.

किंतेत्सु ही खासगी रेल्वे कंपनी आहे. तिचं नारा स्टेशन जमिनीखाली आहे. वर आलात की समोर कारंजं, त्यावर ग्योकी या आठव्या शतकातल्या भिक्षूचा पुतळा, आणि उजव्या-डाव्या बाजूला दुकानांच्या गल्ल्या. तिथून कोफुकुजीचं आवार आणि पहिली हरणं पाच-सात मिनिटांच्या चालीवर.

जेआर म्हणजे जपान रेल्वे. तिचं नारा स्टेशन शहराच्या पश्चिम बाजूला आहे. तिथून सांजो-दोरी या सरळ रस्त्याने उद्यानाच्या तोंडापर्यंत पंधरा-वीस मिनिटं चालावं लागतं, तोदाईजीपर्यंत आणखी तेवढीच. रस्ता छान आहे, दुकानांचा आहे, हलका चढ आहे. स्टेशनबाहेर देवळासारख्या छपराची १९३४ सालची जुनी स्टेशन इमारत जपून ठेवली आहे आणि आता तिथे पर्यटन माहिती केंद्र चालतं. रूळ उंचावर नेले तेव्हा ती पाडण्याऐवजी अख्खी सरकवली होती.

एकाच दिवसासाठी येणाऱ्याने किंतेत्सु नारा धरावं. मुक्काम जेआर स्टेशनजवळ असेल, होर्यूजीला जायचं असेल (प्रश्न १४) किंवा जेआरचा पास आधीच हातात असेल, तर जेआर नारा.

४. क्योतोहून नेमकी कोणती गाडी?

क्योतो स्टेशनात दोन्ही कंपन्यांचे फलाट आहेत आणि चार पर्याय समोर येतात. मुंबईकरांना जलद आणि धीमी समजावून सांगायची गरज नाही. इथेही तेच आहे, फक्त पायऱ्या जास्त आहेत.

किंतेत्सुची लिमिटेड एक्स्प्रेस सुमारे ३५ मिनिटांत पोचवते. सगळ्या जागा आरक्षित. भाडं ७६० येन आणि त्यावर या गाडीचं वेगळं शुल्क ५२० येन. किंतेत्सुची साधी एक्स्प्रेस ४५ ते ५० मिनिटं घेते, फक्त ७६० येनमध्ये, पण जागा मिळेलच असं नाही.

जेआरची मियाकोजी रॅपिड साधारण ४५ मिनिटं घेते. भाडं किंतेत्सुच्या साध्या एक्स्प्रेसच्या आसपासच, जादा शुल्क नाही. जेआरची लोकल प्रत्येक स्टेशनावर थांबते आणि तास-सव्वातास खाते. ती फक्त फुशिमी इनारी या शिंतो देवस्थानाला उतरायचं असेल तरच (प्रश्न ८).

शिंकानसेनमधून उतरून लगेच नाराला जाणाऱ्यांना किंतेत्सु सोयीची पडते. तिचे फलाट क्योतो स्टेशनच्या दक्षिण बाजूला, शिंकानसेनच्या खालच्या मजल्यावर आहेत आणि दोघांमध्ये थेट बदलाचं फाटक आहे.

एक सापळा लक्षात ठेवा. किंतेत्सुच्या क्योतोहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्या नाराला जात नाहीत. बऱ्याच एक्स्प्रेस दक्षिणेला काशिहाराकडे जातात. चुकून तीच पकडली तरी बिघडत नाही: यामातो-साईदाईजी या जंक्शनला उतरायचं आणि नाराची गाडी घ्यायची, तिथून दोनच स्टेशनं. त्यासाठी वेगळं तिकीट लागत नाही. मात्र साईदाईजीला न उतरता डुलकी काढलीत तर दुसऱ्याच गावात जागे व्हाल.

साईदाईजी सोडल्यावर मोबाइल खाली ठेवा. पुढची दोन मिनिटं गाडी थेट जुन्या राजवाड्याच्या जागेतून जाते. १९१४ मध्ये रूळ टाकले तेव्हाची ही कामगिरी. डावीकडे २०१० मध्ये पुन्हा उभारलेलं भव्य दरबार सभागृह दिसतं, उजवीकडे १९९८ मध्ये उभारलेलं सुझाकु द्वार. हे तिकीट न काढता होणारं दर्शन आहे.

५. ओसाकाहून किंवा कोबेहून कसं जायचं?

मुक्काम नांबा भागात असेल तर विचार करायचं कारणच नाही. ओसाका-नांबाहून किंतेत्सुची रॅपिड एक्स्प्रेस, ६८० येन, चाळीस मिनिटांच्या आत-बाहेर, थेट किंतेत्सु नारा. उमेदा किंवा ओसाका स्टेशनजवळ असाल तर जेआरची यामातोजी रॅपिड, सुमारे पन्नास मिनिटं, जेआर नारा. तीच गाडी तेन्नोजीहून पकडली तर पस्तीसेक मिनिटं.

कोबेवाल्यांनी सान्नोमियाला हानशिन कंपनीच्या फलाटावर जावं. २००९ पासून हानशिनच्या गाड्या किंतेत्सुच्या रुळांवर थेट नारापर्यंत धावतात. दीड तासाच्या आत, एकदाही न बदलता.

नांबा, नारा आणि क्योतो जोडणारी 'आओनियोशी' नावाची जांभळी पर्यटन गाडीही २०२२ पासून आहे. आठवड्यातून एक दिवस ती बंद असते आणि जागा लवकर भरतात. हौस म्हणून उत्तम, गरज म्हणून नाही.

६. कानसाई विमानतळावर उतरून थेट नाराला जाता येईल?

येईल, आणि सामान असेल तर विमानतळाबाहेरून सुटणारी बस सगळ्यात सोपी. सुमारे दीड तासात ती नाराच्या दोन्ही स्टेशनांपाशी सोडते. रेल्वेनेच जायचं असेल तर जेआरच्या विमानतळ रॅपिडने तेन्नोजी, तिथून यामातोजी रॅपिड. रात्री उशिरा विमान असेल तर त्या दिवशी ओसाकालाच झोपा.

७. जेआर पास घ्यावा का?

नारासाठी म्हणून नाही. देशभर चालणारा सात दिवसांचा पास ऑक्टोबर २०२३ मध्ये २९,६५० येनवरून ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतो जाऊन-येऊन साधारण २८ हजार येन पडतात, त्यामुळे टोकियो-क्योतो-नारा-टोकियो एवढ्याच प्रवासात पास वसूल होत नाही. हिरोशिमा, कानाझावा असं लांब फिरणार असाल तर गणित मांडून बघा. जुन्या प्रवासवर्णनांत "पास घ्याच" असं लिहिलेलं असतं, ते जुन्या किमतीवर बेतलेलं आहे.

आणि पास असला तरी तो किंतेत्सुवर चालत नाही. पास दाखवून किंतेत्सुच्या फाटकातून जाता येईल का, या प्रश्नाचं उत्तर नेहमी नाही असंच आहे. पश्चिम जपानपुरते मर्यादित, स्वस्त पास जेआरचेही आहेत आणि किंतेत्सुचेही. नारा-इसे असा दौरा असेल तर किंतेत्सुचा पास बघण्यासारखा आहे.

तिकिटासाठी इकोका, सुइका किंवा पास्मो यांपैकी कोणतंही आयसी कार्ड (आधी पैसे भरून फाटकावर टेकवायचं कार्ड) पुरतं. टोकियोत घेतलेलं कार्ड नारात, बसमध्येही, चालतं. एका माणसाला एक कार्ड. नवरा-बायकोला एका कार्डावर फाटक ओलांडता येत नाही.

८. वाटेत फुशिमी इनारी आणि उजी उरकता येईल का? तिकीट एकच काढायचं का?

इनारीचं देवस्थान आणि उजी हे गाव, दोन्ही जागा जेआरच्या क्योतो-नारा मार्गावरच आहेत, म्हणून मोह होतो. इनारीला लोकल थांबते, मियाकोजी रॅपिड सहसा नाही. उजीला रॅपिडही थांबते. तेव्हा क्योतोहून लोकलने इनारी, तिथून लोकलने उजी, मग उजीहून रॅपिडने नारा.

तिकीट मात्र तुकड्यातुकड्यांचं होईल. जेआरवर इतक्या कमी अंतराच्या तिकिटावर मध्ये बाहेर पडून तेच तिकीट पुढे वापरता येत नाही. बाहेर पडलात की ते संपलं. आयसी कार्डही प्रत्येक टप्प्याचे वेगळे पैसे कापतं. फरक थोड्या येनचा असतो, पण कागदी तिकीट क्योतो ते नारा काढून उजीला फाटकाने गिळलं की लोक गोंधळतात.

तिन्ही एका दिवसात होतात का? होतात. नारा मग संध्याकाळचे दोन तास उरतं आणि तोपर्यंत तोदाईजी बंद होत आलेलं असतं. इनारी रात्रभर खुलं असतं, ते दुसऱ्या कुठल्या संध्याकाळी करा.

९. एक दिवस पुरतो का? मुक्काम करण्यात अर्थ आहे का?

एका दिवसात कोफुकुजी, तोदाईजी, निगात्सुदो, कासुगा ताईशा आणि नारामाची या जुन्या वस्तीची एक फेरी होते. हे वाईट नाही.

पण नाराची गर्दी दहाला येते आणि चारला जाते. सकाळी सात वाजता उद्यानात फक्त हरणं, झाडणारे कर्मचारी आणि व्यायाम करणारे आजोबा असतात. तोदाईजीचं मोठं सभागृह एप्रिल ते ऑक्टोबर साडेसातला उघडतं, नोव्हेंबर ते मार्च आठला. पहिल्या अर्ध्या तासात बुद्धासमोर शांतपणे उभं राहता येतं, अकरा वाजता शाळांच्या सहली आल्या की ते विसरा. संध्याकाळसाठी निगात्सुदो आहे. तोदाईजीच्या वर टेकडीवरचं हे सभागृह सदैव खुलं असतं, तिकीट नाही, आणि त्याच्या सज्जातून अख्खं शहर आणि मावळतीकडचे डोंगर दिसतात. क्योतोला परतायची घाई असलेल्याला हे मिळत नाही.

गैरसोयही सांगतो: रात्री आठनंतर शहर पेंगतं. जेवण लवकर उरका.

१०. हरणं चावतात का? लहान मुलं सोबत आहेत.

चावतात, ढुशी देतात, कपडे ओढतात. ही पाळीव नाहीत, उद्यानात मोकळी राहणारी जंगली हरणं आहेत, तेराशेच्या वर. कासुगाचा देव पांढऱ्या हरणावर बसून आला अशी कथा असल्यामुळे शतकानुशतकं त्यांना कोणी हात लावला नाही. १९५७ पासून त्यांना कायद्याने राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून संरक्षण आहे.

ठिकठिकाणी त्यांच्यासाठी खास बिस्किटं मिळतात. २०० येनला एक जुडी, कोंडा आणि पिठाची, बिनसाखरेची. देताना घोळ होतो तो असा: माणूस बिस्किट वर धरून फोटोची वाट बघतो, हरीण एकदा मान लववतं, दोनदा लववतं, आणि तिसऱ्यांदा पोटाला चावतं. बिस्किट लगेच द्या. संपली की दोन्ही रिकामे तळवे दाखवा, बहुतेक हरणं समजून निघून जातात. मुलाच्या हातात एका वेळी एकच द्या आणि आधी दुकानापासून थोडं लांब चाला, कारण अट्टल टोळी तिथेच उभी असते.

आपला चिवडा, पोळी, केळं काहीही त्यांना देऊ नका. प्लॅस्टिकची पिशवी, कागदी नकाशा आणि हातातलं तिकीट आत ठेवा. प्लॅस्टिक पोटात अडकून हरणं मेली आहेत, हे लक्षात असू द्या.

मे ते जुलै पिल्लांचा काळ, आई जवळ येऊ देत नाही. सप्टेंबरपासून माजावर आलेले नर धोकादायक असतात. ऑक्टोबरमध्ये त्यांची शिंगं समारंभाने कापली जातात. ही प्रथा १६७२ पासूनची आहे.

११. तोदाईजीशी भारताचा संबंध आहे असं ऐकलं. खरं आहे का?

अगदी खरं, आणि तिथे जाणाऱ्या बहुतेक भारतीयांना ते ठाऊक नसतं.

आठव्या शतकात देवीची साथ, दुष्काळ आणि बंड यांनी जपान हैराण असताना सम्राट शोमुने कांस्याची प्रचंड बुद्धमूर्ती घडवायला घेतली. वैरोचन बुद्ध, उंची सुमारे पंधरा मीटर. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेत देवाचे डोळे उघडतात तसाच विधी ७५२ मध्ये झाला, आणि डोळ्यांतली बुबुळं रंगवण्याचा मान दक्षिण भारतातून आलेल्या बोधिसेन नावाच्या भिक्षूला मिळाला. तो चीनमार्गे ७३६ मध्ये जपानला पोचला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना.

आज दिसते ती मूर्ती पूर्णपणे तेव्हाची नाही. ११८० आणि १५६७ च्या आगींत सभागृह जळलं, मूर्ती वितळली. सध्याचं मस्तक सतराव्या शतकाच्या अखेरचं आहे. पण आसनाच्या काही कमळपाकळ्या मूळच्या, आठव्या शतकातल्या आहेत. सभागृह १७०९ सालचं, ५७ मीटर रुंद. आधीचं ८६ मीटर होतं असं सांगतात, तेव्हा समोर दिसतो तो लहान केलेला नमुना. आत जाण्याआधी दक्षिण दरवाजातले दोन लाकडी द्वारपाल चुकवू नका. उन्केई आणि काईकेई या शिल्पकारांच्या चमूने १२०३ मध्ये ते घडवले, प्रत्येकी आठ मीटरहून उंच.

बोधिसेनाच्या मागावरच जायचं असेल तर किंतेत्सुच्या नारा मार्गावर तोमिओ स्टेशनला उतरून र्योसेनजीला जा. त्याची समाधी तिथे असल्याचं परंपरा सांगते. पर्यटक जवळजवळ नसतात.

१२. आई-बाबा सत्तरीचे आहेत. चालणं किती होईल?

प्रश्न ९ मधला पूर्ण फेरा सहज आठ-नऊ किलोमीटर होतो. उद्यान बहुतांशी सपाट आहे, पण निगात्सुदोला पायऱ्या आहेत आणि कासुगाची वाट लांब, खडीची आणि चढती आहे.

त्यांच्यासाठी किंतेत्सु नारा स्टेशनहून शहरात गोल फिरणारी बस घ्या आणि तोदाईजी-कासुगा थांब्यावर उतरा. तोदाईजी पाहून त्यांना बसूनच परत पाठवा किंवा टॅक्सीने कासुगाच्या वरच्या बाजूला न्या. तोदाईजीच्या सभागृहात बूट काढावे लागत नाहीत. इतर काही ठिकाणी लागतात, तेव्हा लेसचे बूट टाळा.

१३. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. काय खायचं?

जपानी जेवणात भाजी भरपूर असते आणि तिच्यात माशाचा अर्कही असतो. सूप, सोबा आणि उदोन या शेवया, भाजीची उकड, सगळ्यांच्या मुळाशी सुकवलेल्या माशाचा रस. म्हणून 'मांस नाही' एवढं सांगून भागत नाही. 'मासा नाही, माशाचा रस नाही, अंडं नाही' असं जपानीत लिहिलेला कागद मोबाइलमध्ये ठेवा.

नाराच्या खास पदार्थांत दोन फसवे आहेत. पर्सिमॉनच्या पानात गुंडाळलेली काकिनोहा-झुशी बघून आपल्याकडच्या पानात उकडलेल्या पदार्थांची आठवण येते, पण आत मासा असतो. नाराझुके हे लोणचं भाजीचं आहे, पण ते साकेच्या चोथ्यात मुरवतात. मद्य वर्ज्य असेल तर नको.

निर्धास्त खाण्यासारखं: सांजो-दोरीवरच्या एका दुकानात लाकडी हातोड्यांनी दणादण कुटतात तो हिरवा मोची (चिकट तांदळाचा गोळा), आत लाल चवळीसारख्या कडधान्याचं गोड पुरण, वर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ. कुझूच्या कंदाच्या पिठाच्या मिठायाही आहेत. चहात शिजवलेली भाताची पेज ही इथली जुनी न्याहारी, पण सोबतच्या वाट्या विचारून घ्या. शहरात भारतीय उपाहारगृहंही आहेत. जैन मंडळींनी दुपारचा डबा सोबत घ्यावा. जपानी उपाहारगृहांत दुपारचं जेवण दोनच्या सुमाराला बंद होतं.

१४. होर्यूजी नारातच आहे ना? त्याच दिवशी होईल?

नाही, ते इकारुगा या शेजारच्या गावात आहे, आणि त्याला १९९३ मध्ये स्वतंत्रपणे जागतिक वारसा दर्जा मिळाला. जेआर नाराहून यामातोजी मार्गाने होर्यूजी स्टेशन दहा-बारा मिनिटं, पुढे वीस मिनिटं चालत किंवा बसने. अर्धा दिवस द्या. ओसाकाहून जेआरने येत असाल तर ते वाटेतच लागतं, तेव्हा सकाळी तिथे उतरून दुपारी नारा गाठता येतं.

मराठी माणसाने इथे जायला एक जादा कारण आहे. मुख्य सभागृह आणि पाचमजली पॅगोडा या जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी आहेत, आणि त्या सभागृहाच्या भिंतींवरची चित्रं अजिंठ्याच्या चित्रांच्या शेजारी ठेवून अभ्यासली गेली. एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी आठवा आणि इथला बोधिसत्त्व बघा: तीच झुकलेली मान, तीच सलग रेघ. अराई काम्पो या जपानी चित्रकाराने पहिल्या महायुद्धाच्या काळात अजिंठ्यात बसून चित्रांच्या प्रतिकृती केल्या आणि पुढे होर्यूजीच्या चित्रांची नक्कल करण्याच्या कामातही तो होता.

२६ जानेवारी १९४९ ला सभागृहात आग लागली आणि मूळ चित्रांचे रंग गेले. पुढच्याच वर्षी जपानने सांस्कृतिक वारसा संरक्षणाचा कायदा केला, आणि तो दिवस आता देशभर वारसास्थळांच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळतात. आज भिंतींवर दिसतात त्या १९६० च्या दशकात केलेल्या प्रतिकृती. तिकीट नाराच्या देवळांपेक्षा महाग आहे, तरी द्या.

१५. याकुशिजी आणि तोशोदाईजी कुठे बसवायचं?

मुक्काम असेल तर दुसऱ्या सकाळी. साईदाईजीहून किंतेत्सुच्या काशिहारा मार्गावर निशिनोक्यो स्टेशन, याकुशिजी फाटकाबाहेरच. पूर्वेचा पॅगोडा ७३० चा, पश्चिमेचा १९८१ मध्ये उभारलेला. जुना काळवंडलेला आणि नवा लाल-हिरवा शेजारी बघितले की आठव्या शतकातलं नारा किती रंगीत होतं ते कळतं. उत्तरेला दहा मिनिटं चाललं की तोशोदाईजी, ७५९ मध्ये चिनी भिक्षू गान्जिन याने स्थापलेलं. जपान गाठण्याचे त्याचे पाच प्रयत्न फसले, दृष्टी गेली, तरी सहाव्यांदा तो पोचला.

१६. कोफुकुजीचा पाचमजली पॅगोडा फोटोत दिसतो तसा दिसेल का?

सध्या नाही. १४२६ सालचा, ५० मीटर उंच हा पॅगोडा मोठ्या दुरुस्तीसाठी झाकला आहे आणि काम काही वर्षं चालणार आहे. त्याच आवारातल्या संग्रहालयात जा. ७३४ सालची तीन तोंडांची, सहा हातांची आशुराची मूर्ती तिथे आहे. आशुरा म्हणजे आपला असुरच, पण हा पोरसवदा, कपाळाला किंचित आठी घातलेला. पॅगोडा न दिसल्याचं दुःख उरत नाही.

१७. कोणत्या महिन्यात जावं?

मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात साकुरा म्हणजे चेरीचा बहर, नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत लाल पानं. जुलै-ऑगस्टचा उकाडा मुंबईच्या मे महिन्याला लाजवतो. एप्रिलअखेर ते ५ मेपर्यंतच्या सलग सुट्ट्या टाळा.

थंडी सोसत असेल तर १ ते १४ मार्च. निगात्सुदोच्या सज्जातून रोज संध्याकाळी पेटत्या मशाली धावत नेतात, ठिणग्या खाली गर्दीवर पडतात. ७५२ पासून हा विधी एकदाही खंडित झालेला नाही. १२ तारखेला सगळ्यात मोठ्या मशाली आणि सगळ्यात जास्त चेंगराचेंगरी. दुसरी कोणतीही तारीख धरा.

ऑक्टोबरअखेरीस राष्ट्रीय संग्रहालयात शोसोइन या शाही कोठारातल्या वस्तू दोनेक आठवडे मांडतात. वेळेची तिकिटं आधी काढावी लागतात. पाच तारांची जगातली एकमेव उरलेली प्राचीन बिवा या कोठारात आहे आणि त्या वाद्याचा उगम भारतातला मानतात. ती दरवर्षी बाहेर काढत नाहीत.

१८. मोठ्या बॅगा घेऊन एका दिवसासाठी येता येईल?

दोन्ही स्टेशनांत लॉकर आहेत, पण मोठे लॉकर दहा-साडेदहाला भरतात. दोन हॉटेलांमध्ये सामान पोचवणारी कुरिअर सेवा वापरा आणि हात मोकळे ठेवा. शिंकानसेनमध्ये लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या बॅगेसाठी ठराविक जागा आधी आरक्षित करावी लागते. किंतेत्सुवर तसा नियम नाही, मात्र साध्या एक्स्प्रेसमध्ये संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर दोन सुटकेसनिशी उभं राहणं शेजाऱ्यांना आवडत नाही.

१९. चुकून जेआरच्या फाटकातून कार्ड लावून आत गेलो आणि जायचं होतं किंतेत्सुने. आता?

गाडीत बसू नका आणि दुसऱ्या फाटकाने बाहेर पडायचा प्रयत्नही करू नका, कार्ड अडेल. ज्या फाटकातून आत आलात तिथल्या कर्मचाऱ्याकडे जा आणि 'किंतेत्सु' एवढं म्हणा. तो नोंद रद्द करून देतो. हे रोज घडतं, कोणी रागावत नाही.

२०. लिमिटेड एक्स्प्रेसचं शुल्क न भरताच चढलो तर? आणि आरक्षित गाडी चुकली तर?

फक्त आयसी कार्ड लावून चढता येतं, कारण फाटकावर प्रवासभाडं तेवढं तपासलं जातं. डब्यात कर्मचारी फिरतो, तुमची जागा आरक्षित नाही हे त्याला कळतं आणि तो शुल्क घेतो. जागा त्या वेळी दुसऱ्याची असेल तर उठावं लागतं. म्हणून फलाटावरच्या यंत्रातून आधी काढा, इंग्रजी पर्याय असतो.

आरक्षित गाडी चुकली तर त्या गाडीचे ५२० येन गेले असं धरा. मूळ ७६० येनचं भाडं जात नाही, पुढच्या साध्या एक्स्प्रेसने जाता येतं. सुटण्याआधीच उशीर होणार हे लक्षात आलं तर मात्र यंत्रावर किंवा खिडकीवर वेळ बदलून घ्या. दोन्ही दिशांनी गाड्या रात्री अकरापर्यंत मिळतात, तेव्हा निगात्सुदोवरून सूर्यास्त बघून क्योतोला परतणाऱ्याला धावपळ करायचं कारण नाही.